उजव्या हाताला पाणी

पैठणचा काला झाला की आमची मंडळी पांगतात. फाल्गुन वद्य षष्ठी, सप्तमी आणि अष्टमी हे तीन दिवस गोदावरीच्या वाळवंटात दिंड्यांची दाटी असते. राहुट्या, चुलींचा धूर, टाळांचा गजर आणि त्या गर्दीत एका कडेला आमचं भारूड. अष्टमीला दहीहंडी फुटते, काल्याचा प्रसाद हातावर पडतो आणि नवमीच्या पहाटे वेशाच्या ट्रंका, मृदंग, टाळांची पिशवी असं सगळं टेम्पोत चढतं. तीस वर्षं मी त्याच टेम्पोतून घरी परतले. यंदा परतले नाही.

माझी जुनी ओम्नी मी पैठणलाच ठेवून घेतली होती. तिच्यात एक ट्रंक, पाण्याचा कॅन, फडक्यात बांधलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. मृदंगावर साथ करणारे नाना टेम्पोच्या फळीवर एक पाय ठेवून थांबले.

"बाई, एकट्याच कुठं निघालात?"

"नाथसागराला वळसा घालून येते, नाना."

नाना धरणाच्या दिशेनं बघत राहिले. मग म्हणाले, "वळसा म्हणू नका, प्रदक्षिणा म्हणा. शेवगावच्या अंगानं जा. पाणी उजव्या हाताला राहील."

टेम्पो गेला आणि मी एकटी उरले. भारुडात एकटं असणं हे आमच्या अंगवळणी नाही. पुढे गाणारा एक असतो, पण मागे झील धरणारे चार-सहा जण असतात. आपण ओळ सोडली की ते ती उचलतात, आपला श्वास सुटला की ते तो सांभाळतात. तीस वर्षांत माझ्या कुठल्याच ओळीला झीलकऱ्यांवाचून शेवट सापडला नव्हता. त्या सकाळी गाडी सुरू केली तेव्हा कानाला पहिली जाणवली ती पाठीमागची शांतता.

मी का निघाले ते आधी सांगते. माझा जन्म ज्या गावात झाला ते गाव आज नाथसागराच्या, म्हणजे पैठणच्या धरणाच्या जलाशयाच्या, पोटात आहे. मी आईच्या कडेवर होते तेव्हा आमची घरं उठली. नव्या गावठाणाला जुनंच नाव दिलं. पाटीवर नाव राहिलं, गाव पाण्यात गेलं. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, भारूड करायचे. जमीन गेली, पण ट्रंक त्यांनी बैलगाडीत सगळ्यात वर ठेवली होती, असं आई सांगायची. त्याच ट्रंकेतलं मुंडासं आणि कुडमुडं घेऊन मी पुढे उभी राहिले.

गेल्या वर्षी एका मोठ्या शहरातल्या सभागृहात माझा प्रयोग होता. बुडालेल्या गावाचं भारूड मी स्वतः बांधलं होतं. गावच रंगमंचावर येतं आणि बोलतं: माझी वेस, माझा पार, माझी विहीर. लोक रडले. मीही रडले. टाळ्या थांबेनात. प्रयोग संपल्यावर कॉलेजात शिकणारी एक मुलगी आत आली आणि अगदी साधेपणानं म्हणाली, "ताई, उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर तुमचं गाव दिसतं का हो? आता कसं दिसतं?"

मला उत्तर देता आलं नाही. मी तिथे कधी गेलेच नव्हते. दादा असताना ते नेत नव्हते, ते गेल्यावर मला सवड नव्हती. ज्या गावाच्या आवाजात मी शंभर ठिकाणी बोलले, त्या गावाच्या काठावर मी एकदाही उभी राहिले नव्हते. तो प्रश्न वर्षभर माझ्या पायात काट्यासारखा राहिला.

*

निघण्याआधी संत एकनाथांच्या, आमच्या नाथांच्या, राहत्या वाड्यात गेले. तिथे तो रांजण आहे. श्रीकृष्ण श्रीखंड्याचं रूप घेऊन नाथांच्या घरी बारा वर्षं पाणी भरत होता, अशी श्रद्धा आहे. त्याची आठवण म्हणून तुकाराम बीजेपासून लोक गोदावरीचं पाणी आणून त्या रांजणात ओततात. घागरीनं, कळशीनं, तांब्यानं. कुणाच्या तरी पाण्यानं रांजण काठोकाठ भरून वाहू लागतो आणि मग म्हणायचं, देव आला, पाणी भरून गेला.

यात्रा सरली होती, वाडा रिकामा होता. रांजणाच्या तोंडाशी ओलावा होता आणि भोवतीची फरशी अजून वाळली नव्हती. मी बराच वेळ तिथे बसले. किती जणांनी किती वाटेनं आणलेलं पाणी त्यात एक झालं होतं. एकट्याच्या घागरीनं तो भरत नाही आणि शेवटची घागर कुणाची असेल ते आधी कळत नाही. देवाला ओळखायची पैठणची ही खूण मला फार आवडते. देव इथे वर बसून पाणी देत नाही, खांद्यावर वाहून आणतो.

वाड्यातून बाहेर पडून धरणाकडे आलं की पाण्याचं माप बदलतं. जवळजवळ १० किलोमीटर लांबीची मातीची भिंत आणि २७ दरवाजे. १८ ऑक्टोबर १९६५ ला लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं. मुळात धरण व्हायचं होतं बीड जिल्ह्यातल्या जायकुचीवाडीला. जागा बदलून पैठणला आली, पण नाव तिथलंच चिकटून राहिलं, म्हणून हे जायकवाडी. शंकरराव चव्हाणांनी हे धरण मराठवाड्यासाठी ध्यास घेऊन उभं केलं. पाण्याचा साठा १०० टीएमसीच्या वर. डावा कालवा २०८ किलोमीटर जातो, जालना-परभणीकडे. उजवा १३२ किलोमीटर, बीडकडे. ज्या मुलखात विहिरीच्या तळाशी उतरून वाटीनं पाणी भरलं जायचं, त्या मुलखातली शेतं या पाण्यानं भिजली. हे मी विसरत नाही. दादाही विसरले नाहीत. "आपलं गेलं ते कुणाच्या तरी चुलीवर चढलं," असं ते म्हणायचे. तेवढंच म्हणायचे आणि गप्प व्हायचे.

*

गोदावरीचा पूल ओलांडला की थोड्याच वेळात जिल्हा बदलतो, अहिल्यानगर लागतं. पात्र इथे रुंद आहे आणि पाणी पायापुरतं. धरणाच्या खालची नदी अशीच असते, दरवाजे उघडतील तेव्हाची. २००६ च्या ऑगस्टमध्ये हेच पात्र फुगून पैठणच्या घराघरांत शिरलं होतं. एरवी ती खडकांमधून वाट काढत असते.

घोटणला मल्लिकार्जुनाच्या जुन्या दगडी देवळात क्षणभर टेकले. आत गारवा होता, बाहेर ऊन तापायला लागलं होतं. शेवगावात पेट्रोलच्या पंपावरच्या पोरानं विचारलं, "मावशी, ट्रंकेत काय?" मी म्हटलं, "जोशी." तो हसला आणि टायरची हवा मन लावून तपासून दिली.

या रस्त्यावरून पाणी दिसत नाही. नाथसागराचं हे मला आधी ठाऊक नव्हतं. तळं म्हटलं की रस्ता काठाकाठानं जाईल आणि डोळ्यांसमोर निळं पाणी असेल, असं आपल्याला वाटतं. पण हे पठारावरचं पाणी. मुलूख सपाट, त्यामुळे अडवलेली नदी खोल जाण्याऐवजी आडवी पसरली. सुमारे ५५ किलोमीटर लांब, कुठे कुठे २७ किलोमीटर रुंद, साडेतीनशे चौरस किलोमीटरचा उथळ पसारा. काठ ठरलेला नाही. भाद्रपदात जिथे लाटा येतात, तिथे चैत्रात धूळ उडते. म्हणून पक्के रस्ते दूर थांबलेत. पाणी उजव्या हाताला आहे हे फक्त वाऱ्यावरून कळतं. उसाच्या आणि कपाशीच्या रानांतून गरम झुळूक येता येता मध्येच एक ओली झुळूक येते, तेवढंच.

दहिगावनेच्या अंगानं आत वळले. गावठाणात चुलतभावाच्या घरी पाणी प्यायले. तो म्हणाला, "चल, मी येतो." मी नको म्हटलं. त्यानं कच्ची वाट सांगितली: बाभळीपाशी डावीकडे वळू नकोस, पाइपांच्या रांगेबरोबर सरळ खाली उतर.

ती पाइपांची रांग पाहण्यासारखी असते. काठावरच्या गावांनी पाण्यात मोटारी टाकलेल्या. पाणी मागे सरलं की मोटार पुढे सरकवायची, पाइप जोडायचा. पुन्हा सरलं की पुन्हा जोडायचा. उन्हाळाभर माणसं पाण्याचा असा पाठलाग करतात. कुठे पाइप कमी पडतात म्हणून जमीन खणून चारी काढलेली आणि त्या चारीतून मोटारीपर्यंत जेमतेम पोचणारी पाण्याची एक तार. त्या रांगेबरोबर उतरत गेले आणि एकाएकी समोरची जमीन संपून उजेड सुरू झाला. पलीकडचा काठ नव्हता. आभाळ आणि पाणी यांच्यात कुठेतरी एक गुलाबी रेघ हलत होती. रोहित पक्षी. इथे १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. हिवाळ्यात पाणी उतरून जो चिखल उघडा पडतो, त्यात ते पाय रोवून चरतात. आमची चावडी, आमचा पार जिथे होता तिथे की आणखी पुढे, मला सांगता आलं नसतं.

गाडी ठेवून पायी निघाले. धरणाचं पाणी उतरतं तशी गाळाची जमीन मोकळी होते, तिला गाळपेर म्हणतात. पाटबंधारे खातं ती वर्षापुरती भाड्यानं देतं. काळा गाळ, नांगराची फारशी गरज नाही, खताची नाही. कुणी हरभरा काढून घेतलेला, कुणी टरबुजाचे वेल लावलेले. एका तुकड्यात एक म्हातारी वेलांची पानं उलटून कीड पाहत होती. बरोबर दोन नातवंडं. मी राम राम घातला.

"कुणाची गं तू?"

मी गावाचं नाव सांगितलं, दादांचं नाव सांगितलं. तिनं कपाळावर हात धरून माझ्याकडे पाहिलं.

"भारूडवाल्याची लेक व्हय? कडेवर होतीस की तू."

मग तिनं मला गाव दाखवलं. दाखवण्यासारखं काही नव्हतं. गाळानं सगळं समान केलेलं. पण ती बोटानं दाखवत गेली आणि मला दिसत गेलं. ही वेस. इथून चाळीस पावलांवर पाणवठा. हा उंचवटा मारुतीचा, अजून खाली गेलं पाणी की चौथऱ्याचे दगड उघडे पडतात. आणि हे वावर, जिथे आपण उभ्या आहोत, तिच्या सासऱ्याचं.

"मग आता हे तुम्हालाच मिळालं?"

"मिळालं कुठलं, माय? सरकारचं झालंय. भाडं भरतो आन् चार महिने पेरतो. सासऱ्याच्या वावराचं भाडं भरतो." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. टरबुजाचं एक पान तिनं अंगठ्यानं पुसलं आणि परत सरळ केलं. "पण पाय वळखतात जमिनीला. दुसऱ्याच्या वावरात हात चालत नाही माझा."

मी चिखलात वाकून पाहत होते तेव्हा मला जात्याची एक तळी सापडली. खालचा दगड, अर्धा गाळात. मधलं खुंट्याचं भोक मातीनं बुजलेलं. बोटानं ती माती काढली. आत एक चिमुकला शंख होता, गोड्या पाण्यातला, नखाएवढा. जिथे दाणे पडायचे तिथे एका जिवानं घर केलं होतं. मी तो परत तिथेच ठेवला.

"बापासारखं म्हणतीस का तू पण?" म्हातारीनं विचारलं.

"म्हणते."

"मग म्हण की. जोशी म्हण. तुझा बाप जोशी लई भारी करायचा."

ट्रंक वर गाडीत होती. पोरांना धाडून मुंडासं आणि कुडमुडं मागवलं. मुंडासं बांधलं, कुडमुडं वाजवलं. त्या मोकळ्या रानात त्याचा आवाज अगदी एवढासा झाला. कुडमुडा जोशी हा भविष्य सांगत दारोदार फिरणारा माणूस. नाथांनी त्याचा वेश घेऊन माणसाला त्याचं मन उलगडून दाखवलं. मी सुरुवात करणार तोच म्हातारी म्हणाली, "जोशीबुवा, यंदा पाऊस कसा हाय ते सांगा आधी."

ती गंमत करत नव्हती. मी थांबले. तीस वर्षांत शेकडो वेळा मी जोशी झाले, पण पावसाचं कुणी विचारलं नव्हतं. सभागृहात कोण विचारणार?

"आजी, नाथांच्या जोश्याला पावसाचं कळत नाही. माणसाचं तेवढं सांगता येतं त्याला."

"मग माणसाचं सांगा," ती म्हणाली आणि पदर सावरून वरंब्यावर बसली.

मी गायले. मृदंग नाही, टाळ नाही, नाना नाहीत. पहिल्या कडव्याच्या शेवटी सवयीनं मी ओळ सोडली आणि लक्षात आलं, उचलायला कुणी नाही. तेवढ्यात म्हातारीनं ती उचलली. सुरात नव्हती, पण बिनचूक होती. पन्नास वर्षांपूर्वी गावच्या पारावर ऐकलेली झील तिनं एवढी वर्षं जपून ठेवली होती. पोरंही तिचं ऐकून म्हणू लागली. इतकी पूर्ण झील मला कुठल्याही मंडपात मिळालेली नाही.

*

पुढे नेवाशापर्यंतचा रस्ता उसाचा. कुकाणा, भेंडे, ट्रॅक्टरांच्या मागे दोन-दोन ट्रॉल्या, रस्त्यावर पडलेली चिपाडं. नेवासं प्रवरेच्या काठी. इथे पैसाचा खांब आहे. त्याला टेकून ज्ञानेश्वरांनी गीतेवरची टीका सांगितली, शके १२१२, म्हणजे १२९० साल. पुढे तीनशे वर्षांत त्या ग्रंथाच्या प्रती उतरवताना शब्द बदलले, ओव्या घुसल्या. नाथांनी पैठणला बसून १५८४ मध्ये तो पाठ शुद्ध केला. नेवासं आणि पैठण, एका ग्रंथाची ही दोन गावं, आणि त्यांच्यामध्ये आज हा सागर पसरलाय. खांबासमोर बसले असताना मला राहून राहून नाथांचं ते काम आठवत होतं. दुसऱ्यानं सांगितलेलं, दुसऱ्याच्या आवाजातलं, आणि त्यात आपला एक शब्दही मिसळू नये म्हणून झटणं. भारुडं लिहिणाऱ्या माणसाला हे जमलं, हे मला फार मोठं वाटतं.

तिथून महामार्गाला लागलं की प्रवरासंगम येतं. प्रवरा इथे गोदावरीला मिळते. टोक्याला सिद्धेश्वराचं कोरीव देऊळ आहे, घाटाच्या पायऱ्या पाण्यात उतरतात, पलीकडे कायगाव. नाथसागराची शेपटी इथवर पोचते. तळं संपून पुन्हा नदी होते ती हीच जागा. संध्याकाळ झाली होती. एक भोई जाळं झटकून होडीत घडी घालत होता. पायरीवर तीन-चार कटले पडले होते, त्यांच्या खवल्यांवर उजेड.

या गावांची एक कथा सांगतात. मारीच सोन्याचं हरीण होऊन आला, रामानं त्याला बाण मारला. त्याचं धड पडलं ते कायगाव आणि शिर पडलं ते टोकं. मरताना मारीचानं रामाच्या आवाजात लक्ष्मणाला हाक मारली आणि त्या हाकेनं पुढचं सगळं घडलं. मी ही कथा लहानपणापासून ऐकलेली. पण त्या पायरीवर बसून पहिल्यांदा माझ्या ध्यानात आलं की मारीच हा आमच्याच धंद्यातला. त्यानं वेश घेतला आणि आवाज काढला. दोन्ही इतके हुबेहूब की सीताही फसली.

आणि याच पाण्याच्या दुसऱ्या टोकाला, पैठणला, नाथ. त्यांनीही आवाज काढले. सोळाव्या शतकातला ब्राह्मण, आणि तो महाराच्या तोंडानं बोलला, मुरळीच्या, भुत्याच्या, वासुदेवाच्या, आंधळ्याच्या, मुक्याच्या. भारूड हा शब्द बहुरूढ वरून आला असं काही म्हणतात. कुणी म्हणतं भारुंड पक्ष्यावरून, ज्याला तोंडं दोन आणि पोट एक. दोन तोंडं म्हणजे दोन अर्थ, एक वरचा आणि एक आतला. पण मला त्या संध्याकाळी वाटलं, दुसऱ्याच्या आवाजात बोलण्याचेही दोन प्रकार आहेत. मारीचानं रामाचा आवाज घेतला तो आपल्या कामासाठी. नाथांनी ज्यांचा आवाज घेतला, त्यांच्या दारात ते आधी गेले होते. काशीची कावड तहानलेल्या गाढवाच्या तोंडी ओतणारा, वाळवंटात रडणारं मूल उचलून त्याच्या घरी पोचवणारा माणूस तो. त्याच्या लेखणीत मुरळी आली ती दारावरून ओळखीची होऊन आली.

मग त्या सभागृहात मी कुणाचा प्रकार करत होते? हा प्रश्न मी स्वतःला टाळू दिला नाही. मी खोटं बोलले नव्हते. माझं गाव खरंच बुडालं होतं. पण माझ्या भारुडातल्या गावाला ना त्या म्हातारीचं वावर होतं, ना तिनं भरलेलं भाडं, ना जात्यातला शंख. ते गाव मी माझ्या दुःखातून घडवलं होतं, गावाला न विचारता. टाळ्या मला मिळाल्या होत्या.

रात्री टोक्याला देवळाच्या ओवरीत राहिले. पुजाऱ्यांच्या घरून भाकरी आणि पिठलं आलं. झोप लागेपर्यंत घाटाच्या शेवटच्या पायरीवर पाणी लागत होतं, ते ऐकत होते.

*

दुसऱ्या दिवशीचा रस्ता वेगळ्या मुलखातून जातो. वाळूजला कारखान्यांची छपरं, कंटेनर, शिफ्टच्या बसेस. मग बिडकीन, जिथे शेतं सपाट करून रुंद रस्ते आखलेत आणि नव्या उद्योगांच्या पाट्या लागल्यात. मग ढोरकीन, पिंपळवाडी. याच पट्ट्यातून पाण्याच्या मोठ्या वाहिन्या छत्रपती संभाजीनगरकडे जातात. त्या शहराचं पिणं, जालन्याचं पिणं, या कारखान्यांचं पाणी, सगळं नाथसागरातून उचललं जातं. आणि तरीही शहरात नळाला कितीतरी दिवसांनी पाणी येतं, बायका ड्रम आणि पिंपं भरून ठेवतात. वरच्या धरणांतून पाणी सोडायचं की नाही यावर नाशिक-नगर आणि मराठवाडा यांच्यात दर टंचाईच्या वर्षी वाद होतो. पाणी सगळ्यांना हवं आहे. ते जिथे साठलं आहे तिथे खाली काय आहे, हे त्या वादात कुणी बोलत नाही. शंभराहून अधिक गावांनी जागा सोडली तेव्हा हा रांजण भरला.

रांजण हा शब्द माझ्या तोंडून गाडीतच निघाला, आणि मला वाड्यातला तो रांजण आठवला. तिथे शेवटची घागर ओतणाऱ्याला लोक हार घालतात, त्याच्या पाया पडतात. पण ज्यांनी पहिली ओतली, तळ ओला केला, त्यांच्यावाचून तो भरला असता का? नाथसागराच्या तळाशी अशाच पहिल्या घागरी आहेत. त्या ओतणारी माणसं अजून काठावर आहेत, म्हातारी झालीत, टरबुजाची पानं पुसत आहेत.

दुपारी पैठणला पोचले. प्रदक्षिणा पूर्ण झाली तेव्हा गाडीचा काटा दीडशेच्या बराच पुढे सरकला होता. वाड्यात जाऊन रांजणाला हात लावला. मग नानांना फोन केला आणि सांगितलं की बुडालेल्या गावाचं भारूड यंदा कुठेही घ्यायचं नाही. ते मी नव्यानं बांधणार आहे. त्यात गाव स्वतः बोलणार नाही. त्यात एक म्हातारी असेल, ती जोश्याला पाऊस विचारेल, आणि जोशी तिचं ऐकून घेईल. पहिला प्रयोग तिच्या वावराच्या वर, गावठाणात, पाणी चढायच्या आधी. नाना म्हणाले, "मृदंग घेऊन येतो."

आता तुम्हाला एक मागणं आहे. तुम्ही पुण्यात असा, मुंबईत, नागपुरात, कुठेही. तुमच्या नळाला येणारं पाणी कुठल्यातरी तलावातून येतं, त्या तलावाला नाव आहे आणि बहुतेक वेळा त्याच्या तळाशी एखादं गाव आहे. एक दिवस काढा आणि त्याला प्रदक्षिणा घालून या. रस्ता पाण्यापासून दूर जाईल, तरी सोडू नका. काठावर एखादं म्हातारं माणूस काम करताना दिसलं तर गाडी थांबवा, राम राम घाला आणि विचारा, इथं आधी काय होतं. मग ते बोट दाखवेल तिकडे बघत, त्याचं बोलणं संपेपर्यंत उभे राहा.